हात लावू नये

"तू इथं बस," लिंगाडे सर म्हणाले. "चांगली सावली आहे. आम्ही तासाभरात आत बघून येतो."

त्यांनी माझ्या कोपराला धरून मला बाकावर बसवलं. दगडी बाक होता, पाठ टेकायला काही नव्हतं. वर मोठं झाड असावं. ऊन अंगावर येत नव्हतं आणि पायाखाली बारीक सुकलेली फुलं चुरडत होती. वासावरून बकुळ.

"सर, मीपण आत येते ना."

"अगं, आत येऊन तू करणार काय? सगळं दोरीच्या पलीकडून बघायचं आहे. कशाला हात लावू देत नाहीत. उगाच गर्दीत धक्के खाशील. रजिया सांगेल की तुला नंतर."

"आणि अहवाल?"

"त्याची तुला माफी. मागेच सांगितलंय मी."

सर गेले. त्यांच्यामागून आमच्या वर्गाची पावलं खडीवरून करकरत निघाली. रजिया मुजावर, माझी जिवाची मैत्रीण, घाईघाईनं माझ्या कानाशी वाकली. "सगळं नीट बघून ठेवते गं तुझ्यासाठी," म्हणाली आणि तीही पळाली.

मी सात वर्षांची असताना मला गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. ही गोष्ट त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी घडली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमची इतिहासाची सहल शीतलबागेत आली होती. शीतलबाग म्हणजे तारवळे संस्थानच्या राजांचं उन्हाळ्यातलं घर. टेकडीच्या पायथ्याशी मोठी बाग, तिच्या टोकाला दुमजली महाल, आणि महालात नावाजलेलं दरबार दालन. प्रत्येकानं त्या दालनाचं वर्णन लिहून द्यायचं होतं. वार्षिक परीक्षेत त्याचे गुण धरणार होते.

मला सोडून प्रत्येकानं.

माफी हा शब्द मला लहानपणापासून पाठ होता. शाळेत कवायतीची माफी, चित्रकलेची माफी, भूगोलाच्या नकाशांची माफी. लग्नकार्यात पंगतीला वाढायची माफी. काही न करता मला इतक्या वेळा माफ केलेलं होतं, की मी काहीतरी मोठा गुन्हा करूनच जन्माला आले असेन असं वाटायचं. पण त्या दिवशीची माफी मला परवडणारी नव्हती. पुढच्या वर्षी मला इतिहास हाच मुख्य विषय घ्यायचा होता आणि प्राचार्यांनी त्याबद्दल लिंगाडे सरांचं मत मागवलं होतं. सरांनी मला बोलावून मायेनं समजावलं होतं. "इतिहास म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत, रेळेकर. नाणी, शिलालेख, इमारती. ते बघावं लागतं. तू मराठी घे. नाहीतर संगीत घे." मला गाता येत नव्हतं. आंधळ्या मुलीला गाता येत नाही यावर कुणाचा विश्वासच बसत नसे.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर भांडणं सोपं गेलं असतं.

मी बाकावरून उठले.

सर बसमध्ये सांगत होते की टेकडीवरचं पाणी दगडी पाटातून सबंध बागेत फिरवलंय, आणि शेवटी ते महालाच्या पायरीशी येऊन हौदात पडतं. मला तो पाट ऐकू येत होता. पाणी जर घरापर्यंत जात असेल तर मलाही जाता येईल, असा सरळ हिशेब करून मी काठी उघडली आणि आवाजाच्या रोखानं निघाले.

पाटाची कड काठीला लागली तशी मी तिच्या बाजूनं उतरत गेले. त्या बागेत प्रत्येक तुकड्याची हवा वेगळी होती. बकुळीखाली ओल होती, पुढं एकदम उघडं ऊन, मग बांबूच्या बेटातला गारवा आणि वर पानांची सळसळ. गुलाबांनी माझी ओढणी धरून ठेवली, ती सोडवताना बोटातून रक्त आलं. एकदा पाय चुकला आणि चपलेसकट घोट्यापर्यंत पाटात गेला. त्यानंतर मात्र पाणीच नाहीसं झालं. जमिनीखालून नेलं असावं. मी पुढंमागं काठी फिरवली, पण कड लागेना. कुठल्या दिशेनं आले तेही क्षणभर कळेना. परत फिरावं तरी बाक कुठं होता?

घाबरले, हे कबूल करते. मी जागच्या जागी उभी राहिले आणि काठी जोरानं जमिनीवर आपटली. पुन्हा आपटली, जरा वळून. एका बाजूला आवाज मोकळा गेला. दुसऱ्या बाजूला तो कशावर तरी थडकून परत आला. भिंत होती. मी भिंतीकडे चालायला लागले.

पायऱ्या लागल्या, मग सोप्याची गुळगुळीत फरशी, मग खांब. लाकडी, कोरलेला. मी त्याला हात लावला तोच मागून आवाज आला.

"ओ! हात काढा! हात काढा आधी!"

मी हात काढला नाही.

"पाटी वाचता येत न्हाई? हात लावू नये म्हनून एवढी मोठी लावलीया."

"नाही येत," मी म्हणाले.

पावलं तावातावानं जवळ आली आणि थबकली. माझी काठी दिसली असणार. "आरारा," तो माणूस पडेल आवाजात म्हणाला. "चुकलं बगा. बाई, तुमी उनातान्हाचं कशाला आलासा? खुर्ची देऊ? पानी पिता?"

त्याचा राग मला बरा वाटला होता. हे नको होतं.

"मला दरबार दालन बघायचंय," मी म्हणाले. "हात लावून."

"हात लावून तर अजाबात न्हाई. आक्कासाहेबांचा हुकूम हाय."

"मग त्यांनाच विचारते. कुठं असतात त्या?"

तो हसला. "आक्कासाहेब कुनाला भेटत न्हाईत. माडीवरनं खाली बी येत न्हाईत."

"मग मी माडीवर जाते."

"अवो बाई..."

"इंगवले, कोण आहे?" आमच्या डोक्यावरून आवाज आला. म्हातारा पण खणखणीत, आणि उत्तर मिळायची सवय असलेला.

"कालेजची पोरगी हाय, आक्कासाहेब. दिसत न्हाई तिला. दालनात हात लावून बघती म्हनतीया."

वरून आवाज आला, "पाठवा वर."

शीतलबागेच्या राणीसाहेब जिवंत आहेत आणि तिथंच राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. इंगवले हे त्यांचे कारभारी. त्यांनी मला जिन्यानं वर नेलं. खोलीत वाळ्याचा वास होता आणि एक मोठं घड्याळ संथपणे चाललं होतं.

"तुझ्या डाव्या हाताला खुर्ची आहे. बस," आक्कासाहेब म्हणाल्या. "नाव काय?"

"कुंदा रेळेकर. वडिलांचं कपडे शिवायचं दुकान आहे."

"हं. तो नियम आम्हीच केलाय. गेल्या वर्षी कुणीतरी कोचावरच्या मोराचा डोळा उपटून नेला. काचेचा होता, पण नेला."

"मी काही नेणार नाही."

"सगळे तसंच म्हणतात."

"नेणारा आधी विचारायला येत नाही, आक्कासाहेब."

त्या म्हणाल्या, "इतकं काय अडलंय? मैत्रीण असेल ना कुणी? तिनं सांगितलेलं लिहायचं."

"मग ते तिनं बघितलेलं होईल. मी इतिहास घेऊ का नको, ते आमचे सर ठरवणार आहेत. ते म्हणतात, मला बघता येणार नाही. मला त्यांना दाखवायचंय."

"बरं, आम्ही सांगतो," त्या म्हणाल्या. "पन्नासाहून जास्त वर्षं झाली आम्हाला इथं येऊन. त्या दालनाचं आमच्याइतकं कुणाला माहीत नाही. ऐक."

त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि काय सांगितलं! मधलं मोठं झुंबर, त्याच्या साखळीला जिथं गाठ आहे तिथं पितळी कमळकळी. कपाटांच्या माथ्यावरचे कोरीव कळस, त्यातल्या एकामागं पारव्यांनी घरटं केलेलं. साहेबांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, कोचाच्या पाठीवर, अगदी वरच्या कडेला, समोरासमोर दोन मोर. गालिच्याच्या मधोमध पाकळीआड पाकळी असलेलं फूल. कोण सरदार कुठं बसायचा, कुणाच्या पागोट्याचा पीळ कसा, कुणाला पागोटं काढल्यावर टक्कल होतं. मी मन लावून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात दालन उभं करत होते. पण ते उभं राहीना. काहीतरी अधांतरी राहत होतं.

"कोचाचे पाय कसे आहेत?" मी विचारलं.

"पाय?" त्या थांबल्या. "असतात तसे असतील."

"आणि कपाटांना खाली काय आहे? कप्पे, कड्या?"

"खाली..." त्यांचा आवाज अडला.

"आक्कासाहेब," मी म्हणाले, "तुम्ही सगळं वरून सांगताय."

घड्याळ चालत राहिलं. मला वाटलं, आता या इंगवल्यांना हाक मारणार आणि मला बाहेर काढणार. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर तिथंच माझा कान पिरगळला असता.

"सज्जातून," त्या अखेर म्हणाल्या. "वर सज्जा आहे, त्याला लाकडी जाळी आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी पंधराची होते. खाली दरबार भरायचा, पाहुणे यायचे, गाणं व्हायचं. बायकांनी जाळीआडून बघायचं. साहेब होते तोवर ती रीत होती. साहेब गेले, रीत राहिली."

त्या 'आम्ही'वरून 'मी'वर आल्या होत्या, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

"पण आता तर कुणी अडवत नाही," मी म्हणाले.

"नाही. तिकीट काढून कुणीही जातं. चप्पल घालून जातात काहीजण." त्या हसल्यासारखं काहीतरी करून थांबल्या. "आधी सासूबाई होत्या, म्हणून गेले नाही. मग लोक काय म्हणतील, म्हणून. आणि आता काय जायचं, म्हणून."

मी उठले. ते 'आता काय' मला नीट ओळखीचं होतं. बाकावर बसून राहिले असते तर माझंही तेच झालं असतं.

"चला मग," मी म्हणाले.

"कुठं?"

"खाली. मला वाट माहीत नाही, तुम्हाला आतलं माहीत नाही. दोघी मिळून जाऊ."

"वेडी आहेस का? आत परकी माणसं असतील. तुझ्या कॉलेजची मुलं असतील."

"असतील. आमचे सरही असतील. त्यांना तर मीसुद्धा आत नको आहे."

यावर मात्र त्या खरंच हसल्या. नाकातून, एकदाच. मग पदर सावरल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "हाताला काय लागतं ते मला सांगायचं. काही राखून ठेवायचं नाही."

त्यांनी आपलं कोपर माझ्या हातात दिलं. कोपर बारीक होतं. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर इंगवले पुढं धावले.

"आक्कासाहेब! हितं?"

"दार उघडा, इंगवले."

"उघडंच हाय जी."

त्या उभ्याच राहिल्या. आतून लिंगाडे सरांचा आवाज घुमत येत होता. एकोणिसावं शतक, इटलीहून आणलेले आरसे, असं काहीतरी. आक्कासाहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. मी थोडा वेळ वाट बघितली आणि मग विचारलं, "उंबरा आहे का?"

"आहे."

"किती उंच?"

"वीतभर."

मी पाय उचलला. माझा हात त्यांच्या कोपरात होता. त्यांनाही उचलावा लागला.

आतला आवाज तुटला. मग कुणीतरी कुजबुजलं आणि सगळं दालन गप्प झालं. माझ्याच वर्गातली चाळीसेक मुलं, पण चुळबुळसुद्धा ऐकू येईना. आक्कासाहेबांनी दोरी वर उचलली आणि मला तिच्याखालून आत घेतलं.

"रेळेकर?" सर म्हणाले. "तू बाकावर... अगं, दोरीच्या आत कुठं? हात लावू नकोस तिथं!"

"ती आमच्याबरोबर आहे," आक्कासाहेब म्हणाल्या.

कोण बोलतंय हे सरांना इंगवल्यांनी हळूच सांगितलं असावं, कारण सरांच्या बुटांचा मागं सरकल्याचा आवाज आला.

मी चपला काढल्या. एक अजून ओलीच होती. गालिच्यावरून कोचापर्यंत गेले आणि सरळ खाली बसले. सगळे बघत असणार, पण आता मागं फिरायचं नव्हतं. वडील दुकानात कापड न बघता बोटांनी ओळखायचे, मला त्यांनीच शिकवलं होतं की घाई केली की बोटं खोटं बोलतात. मी घाई केली नाही.

"वाघाचे पंजे आहेत," मी म्हणाले. "कोचाचे पाय. नखं बाहेर काढलेली. मागच्या पायाचं एक नख तुटलंय."

"वाघाचे!" आक्कासाहेब म्हणाल्या. "बघा, इंगवले. वाघाचे आहेत."

"व्हय जी," इंगवले म्हणाले. "पुसताना लागत्यात की मला."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुमी कवा इचारलं न्हाई."

आम्ही दालनभर फिरलो. कपाटांच्या खालच्या दारांवर द्राक्षांचे वेल होते आणि प्रत्येक दारावर वेगळा पक्षी. सज्जाखालच्या भिंतीत दिव्यांचे कोनाडे होते. मी आत हात घातला तर बोटांना जुनी काजळी लागली. मी सांगत होते, आणि माझ्या शेजारी आक्कासाहेबांच्या बांगड्या हळूच वाजत होत्या. म्हणजे त्याही हात लावून बघत होत्या. मागं कधीतरी मुलांच्या वह्या पुन्हा खसखसायला लागल्या. मी सांगतेय ते कुणीतरी लिहून घेत होतं, पण तिकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

शेवटी आम्ही पुन्हा कोचाशी आलो. मी त्याचे हात बघायला घेतले. डावा हात सगळीकडे सारखा गुळगुळीत होता. उजव्या हाताच्या टोकाशी मात्र माझी बोटं थांबली. तिथलं पॉलिश गेलेलं होतं. लाकूडच खोल गेलं होतं.

"इथं एक खळगा आहे," मी म्हणाले. "लहानसा. अंगठ्याएवढा."

"किडीनं खाल्लं असेल."

"नाही. कड मऊ आहे. इथं बसणारा माणूस अंगठा घासत असणार. वर्षानुवर्षं, एकाच जागी."

आक्कासाहेबांच्या बांगड्या माझ्या मनगटाशी लागल्या. मी हात बाजूला घेतला. त्यांनी तिथं आपला अंगठा ठेवला असावा, कारण बराच वेळ बांगड्या वाजल्या नाहीत.

"या कोचावर दुसरं कुणी बसत नसे," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली आला होता, की तो माझ्यापुरताच होता. "वरून पुतळ्यासारखे दिसायचे. समोर गोरा साहेब असो की रडणारा फिर्यादी असो, मान हलायची नाही. मला वाटायचं, या माणसाला आत काही होतच नाही. मी भ्यायचे त्यांना. शेवटपर्यंत भ्यायचे." त्यांनी श्वास घेतला. "आणि हे इथं बसून अंगठा घासत होते."

कापड सळसळलं, जुन्या स्प्रिंगा कुरकुरल्या, आणि इंगवल्यांनी तोंडानं च्च केलं. आक्कासाहेब कोचावर बसल्या होत्या. राजांच्या कोचावर, भर दालनात, सगळ्यांसमोर. त्या उठेपर्यंत कुणी हललं नाही.

सर मला न्यायला जवळ आले तेव्हा मी वळून म्हणाले, "सर, मी अहवाल लिहिणार आहे."

"तुला माफी दिलीय ना, कुंदा..."

"मला ती नकोय. सगळ्यांचा तपासाल तसा माझा तपासा. चुकलं तर गुण कापा."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा लागला. त्या दालनात तो घुमून परत आला. सर घसा खाकरून म्हणाले, "सोमवारी द्यायचा आहे. एक दिवसाचाही उशीर चालणार नाही."

"चालेल, सर."

मी सुट्ट्यांत अंधशाळेत जाऊन टायपिंग शिकले होते. गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मशीनवर बसून मी अहवाल लिहिला. रजियानं तो फक्त वाचून दाखवला, एक शब्द बदलू दिला नाही मी तिला. सोमवारी दिला. आठवड्यानं परत मिळाला. पोर्चमध्ये उभं राहून रजियानं सरांचा शेरा वाचायला घेतला आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला.

"'खालच्या भागाचं वर्णन उत्तम. निरीक्षण बारकाईचं. मात्र दालनाचं छत हा या वास्तूचा मुख्य विशेष असूनही त्यावर एक ओळही नाही. गुण कापले आहेत.' गुण कापले! कसला माणूस आहे गं हा! छत तू बघणार कसं?"

मी हसायला लागले. आधी हळू, मग मला थांबवेना. रजियाला वाटलं, मी रडतेय. तिनं मला जवळ घेतलं. तिला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. तोवर कुणीही, कधीही माझे गुण कापले नव्हते. कविता चुकली तरी शाबासकी मिळायची, गणित चुकलं तरी पाठीवरून हात फिरायचा. मी चुकले असं कुणी लिहून दिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मी तशीच स्टाफरूममध्ये गेले.

"सर, छत बघून आले तर गुण वाढवाल?"

"छत? अगं, ते केवढं उंच..." सर बोलता बोलता थांबले. त्यांच्या टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, आता पुन्हा समजावणार.

"तारवळ्याला रविवारी पहिली एस.टी. कधी आहे बघ," ते म्हणाले. "मी येतो."

सरांनी प्राचार्यांना माझ्याबद्दल होकार कळवला होता, आणि तो सहलीच्याच संध्याकाळी, अहवाल हातात पडायच्याही आधी. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याच कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागले होते आणि सर निवृत्त होऊन एकदा भेटायला आले होते, तेव्हा ते बोलण्याच्या ओघात सांगून गेले. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू छत बघायला गेली असतीस का?

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा आक्कासाहेब दालनातच होत्या. खाली यायची त्यांना सवय झाली होती, असं इंगवले म्हणाले. सकाळचा चहासुद्धा आता खालीच होत होता. झुंबरं पुसायला वापरायचे ती उंच दुपाखी शिडी सरांचा निरोप मिळताच इंगवल्यांनी काढून ठेवली होती आणि सारखे पुटपुटत होते, "पडली बिडली तर कोन जबाबदार? मी न्हाई. आधीच सांगून ठिवतो."

"मी जबाबदार," सर म्हणाले. आणि त्यांनी शिडीची एक बाजू धरली. दुसरी इंगवल्यांनी धरली.

मी चढायला लागले. पहिल्या काही पायऱ्यांना भीती वाटली नाही. मग खालचे आवाज लहान होत गेले, शिडी किंचित हलली, आणि मी दोन्ही हातांनी घट्ट धरून तिथंच थांबले. तळहात घामानं निसटत होते. कुणीही खालून "उतर" म्हणालं असतं तर मी उतरले असते. कुणी म्हणालं नाही. मी एक हात सोडला, ओढणीला पुसला, दुसरा सोडला, पुसला, आणि पुढची पायरी चढले.

वर उष्णता साठलेली होती. मी हात उंचावला. आधी काहीच लागलं नाही. टाचा उचलल्या आणि बोटांना लाकूड लागलं. उन्हानं तापलेल्या कौलांखालचं, कोमट. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ होती, एका कोपऱ्यात मातीचं कुंभारमाशीचं घर होतं, आणि धुळीखाली एक खोल कोरलेली रेघ होती. ती वळत गेली, मीही तिच्यामागं बोट नेत गेले. पाकळी असेल म्हणावं तर ती मधेच दुभंगली आणि तिच्यातून दुसरं काहीतरी निघालं.

"काय आहे गं?" आक्कासाहेबांनी खालून विचारलं. "काय लागलं हाताला?"

"सांगते," मी म्हणाले. "अजून बघतेय."